उतरलेलं विमान

बाजारात वापरलेल्या जेटला 'प्री-ओन्ड' म्हणतात. साहेबांनी ठेवलेलं नाव. आपल्या भाषेत त्याला उतरलेलं म्हणतात.

मनूच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची वस्त्रं कोणती? मेलेल्याच्या अंगावरची. भांडी? फुटकी. शूद्राला काय? उष्टं अन्न आन् जुने कपडे. पिढ्यान् पिढ्या आम्हांला उतरलेलं नेसवलं आणि त्याच उतरलेल्यावरून आमची जात ओळखली. 25 डिसेंबर 1927 ला महाडात ते पुस्तक जळलं, तरी हिशेब तोच. आमच्या अंगावर जुनं आलं की ती आमची पायरी. शेटनं जुनं घेतलं की ती व्यवहारबुद्धी!

बघू तर खरी ही बुद्धी. सेस्ना नाहीतर लिअरजेट, सहा-सात खुर्च्यांचं लहान जेट, जुनं घेतलं तर नव्यापेक्षा बऱ्याच कमी दामात पडतं. पण घेणं सोपं, पोसणं अवघड. दोन पायलट, हँगर, विमा, उडो न उडो ठरल्या तारखेला तपासणी, आणि ठरावीक तास भरले की इंजिनं खोलायची. हत्ती आहे तो, हत्ती. दारात बांधणारा एक, चारा घालणारे भलतेच. 1961 च्या आयकर कायद्याखालच्या नियमांनी विमानाला सालीना 40 टक्के घसारा दिला. म्हणजे कंपनीच्या नावावर जेट घ्या, तेवढी रक्कम नफ्यातून वजा करा, कर वाचवा. हा झाला सरकारी चारा.

दुसरा चारा मुंबईकरांना ठाऊक आहे. विमानतळाच्या भिंतीला खेटून जरीमरीच्या झोपड्या. 2007 साली तिथल्या झोपडपट्टीच्या पुनर्वसनाचं काम एचडीआयएलला मिळालं. 2013 ला ते काढून घेतलं गेलं. कुर्ल्याच्या इमारती वर्षानुवर्षं रिकाम्या उभ्या, आणि माणसं होती तिथंच, डोक्यावरून विमानं मोजत. मग 23 सप्टेंबर 2019. पीएमसी बँकेला कुलूप. खातेदाराला सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा, तीही सहा महिन्यांसाठी! एचडीआयएलची कर्जं लपवायला 21,049 बनावट खाती उघडल्याचा आरोप झाला. मालक वाधवान बापलेक अटकेत गेले, आणि आमची मालमत्ता विकून कर्ज फेडा म्हणून त्यांनीच यादी दिली. यादीत रोल्स रॉईस, स्पीडबोट आणि फाल्कन 2000 जेट. तेही आता वापरलेलंच! ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांत पेन्शनर होते, टॅक्सीवाले होते. त्यांच्यातल्या किती जणांनी विमानाची शिडी पाहिली होती?

हे सांगायचं कारण वेगळंच. मी जऊळक्याचा, जिल्हा वाशिम. अकोला-पूर्णा लाईनवरचं स्टेशन. मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली. 2018 ला नीती आयोगानं जिल्ह्याला 'आकांक्षित' म्हटलं, म्हणजे मागास म्हणायची लाज वाटली. गावातला एक शिकलेला मित्र आता ठाण्यात असतो. तो म्हणतो, "आपला माणूस जेट घेईन ना, त्या दिवशी मी जऊळक्यात पेढे वाटतो. बाबासाहेबांनी सूट घातलाच ना?"

घातला. पण कष्टाच्या कमाईतून शिवलेला. त्या सुटासाठी कुणा टॅक्सीवाल्याची ठेव बुडाली नव्हती. आणि आपला माणूस वर गेला तरी शिडी कुणाची राहते हेही बघ, गड्या. 2007 ला अंबानींनी बायकोला वाढदिवसाला एअरबस दिली तेव्हा छापणाऱ्यांनी कौतुक छापलं. 2011 ला मायावतींनी चपलांसाठी मुंबईला जेट धाडल्याची गोष्ट विकिलीक्समधून आली; त्यांनी साफ नाकारली, तरी देश खदाखदा हसला. जेट तेच, हसू मात्र जात बघून येतं.

म्हणून पेढे ठेव खिशात. निवडणूक आली की आपलाच पुढारी कुणाच्या तरी जेटात बसून अकोल्यापर्यंत येईल, हार घेऊन आपलीच पोरं धावतील. धावू द्या. फक्त हार घालताना एकानं कानात विचारावं : साहेब, तेल कुणी भरलं?