कारखाना कोठें असावा?

एखाद्या तालुक्यांत कापूस पिकतो, म्हणून तेथें सूतगिरणी निघालीच पाहिजे, असें म्हणणारे पुढारी आमच्या वाचकांस नवे नाहींत. त्यांच्या शब्दावर भाग घेऊन पैसा अडकवून बसलेले शेतकरीही थोडे नाहींत. माल जेथें पिकतो तेथेंच तो पक्का व्हावा, ही इच्छा रास्त आहे. परंतु केवळ इच्छेनें कारखाना चालत नाहीं.

ऊंस पहावा. १०० टन ऊंस गाळला तर साखर १०-११ टन निघते. शिवाय तोडलेला ऊंस २४ तासांच्या आंत गाळला न गेल्यास उतारा घटूं लागतो. असें पाण्याचें व चोयट्यांचें ओझें दूरच्या शहरास वाहून कोण नेईल? म्हणून साखरेचा कारखाना उंसाला चिकटून राहतो, आणि ऊंस पाण्याला. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस वाढला, आणि त्याच पट्ट्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहून १९५०-५१ च्या हंगामांत गाळप सुरू झालें. या यशांत माणसांचें कर्तृत्व होतेंच. पण जागाही त्यांस अनुकूल होती. आमच्या गुऱ्हाळवाल्यांस हें कोणी शिकविलें नव्हतें. चरक व काहील ते पूर्वीपासून फडाजवळच मांडीत आले.

कापसाची गोष्ट मात्र दोन टप्प्यांची आहे, व घोटाळा येथेंच होतो. १०० किलो कापसांतून रुई निघते सुमारें ३३ ते ३६ किलो. उरते ती बहुतेक सरकी. म्हणून वऱ्हाडांत बाजारपेठेगणिक जिन-प्रेस झाले, तें योग्यच झालें. परंतु एकदां १७० किलोची गांठ बांधली, कीं ती सहसा नासत नाहीं, आणि सूत होतांना तिचें वजनही फारसें घटत नाहीं. मग जिकडे वीज, भांडवल, कसबी कामगार व गिऱ्हाईक, तिकडे ती जाते. कोइमतूरच्या गिरण्या १९३० नंतर पायकाऱ्याच्या विजेवर वाढल्या, आणि आज त्या महाराष्ट्र-गुजराथेंतून रुई नेतात.

जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं नागपुरास एम्प्रेस मिल काढली, हें उदाहरण आमच्यापुढें कोणी टाकील. पण त्यांच्या हिशेबांत नुसता कापूस नव्हता; सरपण, पाणी, रेल्वे व जवळची पेठही होती.

तेव्हां भाग मागावयास कोणी दारीं आला, तर त्यास आम्ही एवढेंच विचारूं: माल पक्का होतांना घटतो किती, टिकतो किती दिवस, वीज काय दरानें पडेल, आणि सूत घेणार कोण? "आपला तालुका मागें राहिला आहे," एवढेंच उत्तर आलें, तर पैसा घरीं ठेवावा. मुलांस गांवांत काम कोठून मिळणार, हा प्रश्न खोटा नाहीं. पण बंद गिरणी तो सोडवीत नाहीं.

कापूसवाल्यांनीं आधीं सरकीकडे पहावें, असें आम्हांस वाटतें. कापसाच्या वजनाचा हा मोठा हिस्सा आज बहुधा व्यापाऱ्याच्या हातीं जातो. सहकारी जिनाच्या आवारांतच तेलगिरणी घातली, तर पेंड आपल्याच गुरांच्या गव्हाणींत येईल; आणि शेजारीं चांगलें गोदाम असेल, तर गांठी तारण ठेवून भाव येईतों थांबतां येईल. आमच्या सभासदांनीं येत्या हंगामापूर्वीं या दोन कामांचा खर्च मांडून पहावा.