अजानला घाई, मग लसीला का नाही?

खडकवासल्याच्या धरणाकाठी दारूच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या की आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात. 'यांचं लिव्हर सडणार. आपण कुठे पितो? आपल्याला कसली भीती?' दारूने लिव्हर सडतं, कॅन्सरही होतो, हे खरंच. पण न पिणाऱ्याचं लिव्हर आपोआप सुरक्षित राहतं, ही आपली घमेंड आहे आणि ती मुलांच्या जिवावर बेतते.

कावीळ म्हटलं की आपण पाण्याला दोष देतो. पाणी उकळून प्या, हे खडकवासल्याचं पाणी पिणाऱ्या पुण्याला पाठ आहे. पण पाण्यातून येते ती 'ए' आणि 'ई' कावीळ. त्यातून कॅन्सर होत नाही. कॅन्सरपर्यंत नेतात त्या 'बी' आणि 'सी'. त्या रक्तातून येतात: आईकडून बाळाला, वापरलेल्या सुईतून, जुन्या ब्लेडमधून. 'बी' शरीरसंबंधातूनही येते.

'बी' मोठेपणी झाली तर बहुतेकांच्या शरीरातून निघून जाते. जन्मताना झाली तर दहापैकी नऊ बाळांमध्ये ती कायमचा मुक्काम ठोकते आणि वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरू शकते. त्या माणसाने दारूचा थेंबही घेतलेला नसतो.

'सी'वर लस नाही, 'बी'वर आहे. तैवानने १९८४ पासून ती बाळांना द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर घटला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा, पुढचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी.

आणि इथेच आपण माती खातो. 'एवढ्याशा जिवाला सुई नको, चिल्ला होऊ द्या,' असं दादी म्हणते आणि सगळं घर मान डोलावतं. बाळाच्या कानात अजान द्यायला मात्र आपण चाळीस दिवस थांबत नाही, लगेच कुणाला तरी बोलावून आणतो. आईकडून विषाणू आला असेल तर चाळिसाव्या दिवसापर्यंत तो घर करून बसलेला असतो.

'नशिबात असेल ते होईल,' म्हणणारेही हजला निघताना निमूटपणे लस टोचून घेतात. तेव्हा नशीब आड येत नाही.

म्हणून गरोदरपणात 'बी'ची तपासणी मागून घ्या. सुंतेच्या वेळी ब्लेड नवं आहे का, ते स्वतः बघा. आणि अजान देणाऱ्यानेच बाळ परत देताना नर्सला विचारावं: लस दिली का?