गांवाचा रहिवासी कोण?

शिरड शहापुरास एखादें नवें बिऱ्हाड आलें कीं, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मूळचे कुठले?" हा प्रश्न आपुलकीचा आहे. परंतु दहा वर्षांनंतरहि त्याच कुटुंबास तोच प्रश्न ऐकावा लागला, तर त्यांत आपुलकी उरत नाहीं. म्हणून गांवाचा रहिवासी कोणास म्हणावें, हा विचार आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवूं इच्छितों.

आपल्या भागास हा प्रश्न नवा नाहीं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतों. तेथें १९१९ सालीं 'मुल्की' नियम झाले. सरकारी नोकऱ्या मुलखांतील लोकांस मिळाव्यात, हा त्यांचा हेतु. जन्मानें संस्थानचा प्रजाजन असेल तो मुल्की. बाहेरून आलेल्यास मात्र निदान १५ वर्षें कायमचें वास्तव्य दाखवावें लागे. शिवाय मूळ ठिकाणीं परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे, असें प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढें द्यावें लागे. स्थानिकांची तक्रार पोकळ नव्हती. १९५२ सालीं बाहेरच्यांच्या नेमणुकांविरुद्ध हैदराबादेंत विद्यार्थ्यांची चळवळ झाली व गोळीबारांत कांहीं जीव गेले.

१९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें देशांत कोठेंहि राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला. केवळ वास्तव्याच्या कारणावरून सरकारी नोकरी नाकारतां येत नाहीं. तशी अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेस आहे. तरी वर्षें मोजण्याची रीत अजून आहेच. महाराष्ट्रांत अधिवासाच्या दाखल्यासाठीं सामान्यतः १५ वर्षांचेंच वास्तव्य दाखवावें लागतें.

आमच्या मतें, मुल्की नियमांच्या दोन अटींपैकीं दुसरी अधिक मोलाची होती. वर्षें आपोआप सरतात. 'हेंच माझें गांव' हा निश्चय मात्र मनुष्यास स्वतः करावा लागतो. तो ज्यानें केला, त्यानें घरपट्टी वेळेवर भरावी, मतदारयादींत एकाच ठिकाणीं नांव ठेवावें, ग्रामसभेस हजर राहावें, पाणवठा आपलाच समजून स्वच्छ राखावा. दाखल्याचा कागद हक्क देतो. गांवांत मान मिळतो तो कर्तव्यानें.

परंतु कर्तव्य एकट्या नवागताचेंच नाहीं. ज्यांच्या पिढ्या येथें गेल्या, त्यांनींहि स्वतःस विचारावें कीं, ग्रामसभेंतील आपली जागा रिकामी कां राहते? आणि आपलीं मुलें शिक्षणासाठीं, चाकरीसाठीं पुण्या-मुंबईस जातात. ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें तर अर्धें वर्ष परमुलखांत काढतात. तेथें त्यांना कोणी 'परके' म्हटलें, तर आपलें काळीज दुखतें. जें माप आपण येथें दुसऱ्यास लावतों, त्याच मापानें तेथें आपलीं लेकरें मोजलीं जातात.

जुन्या करारांतील रूथ मवाबी होती, विधवा होती. सासूची सोबत न सोडतां ती बेथलेहेमास आली व शेतांत सरवा वेंचून तिनें दोघींचें पोट भरलें. तिला कोणी वर्षें विचारलीं नाहींत. तिची निष्ठा पाहिली. पुढें दाविद राजा तिच्याच वंशांत जन्मला.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांत नवा सोबती आला, तर "मूळचा कुठला?" हें अवश्य विचारा; पण त्याच्यासाठीं बांकावर जागा करून मग विचारा.