बी कोणाच्या नावावर?

पोलादपूरच्या डोंगरउतारावर नाचणी कापणीला आली की घरची बाई शेतात एक फेरी मारते, दाण्यांनी गच्च भरलेली कणसे हेरते आणि वेगळी काढते. चुलीवरच्या वाशाला ती टांगली, की धुरामुळे कीड लागत नाही. पुढल्या वर्षीचे बी हेच. महाड-पोलादपूरचे गडी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेले, त्यामुळे ही पारख बायकांच्याच हाती राहिली. कृषी विद्यापीठात याच कामाला निवड पद्धतीने वाणसुधारणा म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.

बौद्धिक संपदेत बायका मागे का, हा प्रश्न जगभर विचारला जातो आहे. आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांतल्या दर पाच संशोधकांमागे एक बाईही भरत नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये नियम बदलला: सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी महिला असली, तरी अर्जाची तपासणी लवकर मागता येते. सोय चांगली, पण ती अर्जदार बाईला आहे, संशोधक बाईला नाही. औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलीने नवी प्रक्रिया बसवली, तरी अर्जदार सहसा कंपनी असते. मग त्या सवलतीचा तिला काय उपयोग?

नाचणीवाल्या बाईला तर पेटंटचे दारच बंद आहे. बियाणे आणि वाण त्या कायद्यात बसत नाहीत. तिच्यासाठी २००१ चा वाण संरक्षण कायदा आहे. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही. अर्जावर गावच्या जैवविविधता समितीच्या अध्यक्षांची शिफारस चालते, आणि त्या समितीत एक तृतीयांश जागा महिलांना, हे २००४ च्या नियमांतच लिहिले होते. एवढे सगळे असून अर्ज करायचा म्हटला की घरात पहिला प्रश्न निघतो, सातबारा कोणाच्या नावावर?

कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे महाडला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाडचे तळे खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. प्रत्यक्षात चवदार तळ्याच्या पाण्याला त्यांचा हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी.

पुढच्या ग्रामसभेत जैवविविधता समितीची, गावच्या वाणांची नोंद ठेवणारी लोक जैवविविधता नोंदवही टेबलावर उघडी ठेवावी. वाणाच्या नावापुढे जमीनमालकाचे नव्हे, बी राखणाऱ्या बाईचे नाव लिहावे, आणि तेही ‘अमक्याची पत्नी’ असे नाही.