शेवट फोडू नका
उत्तम रहस्यकथा आपल्याला चकवते, पण फसवत नाही. निशिकांत कामत यांचा २०१५चा ‘दृश्यम’ आठवा. जीतू जोसेफ यांच्या २०१३च्या मल्याळम चित्रपटावरून बेतलेल्या या कथेत गोव्यातला चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर कुटुंबासाठी पोलिसांशी झुंजतो. खून कोणाच्या हातून झाला, हे आपण आधीच पाहिलेलं असतं, तरी शेवटचं दृश्य खुर्चीला खिळवतं. ‘कोणी?’ हा प्रश्न केव्हाच मागे पडून ‘कुठे?’ उभा राहिलेला असतो आणि त्याचं उत्तर कधीच आपल्या डोळ्यांसमोरून गेलेलं असतं. श्रीराम राघवन यांचा पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) वेगळी वाट धरतो. नायक आकाशने सांगितलेली हकिगत किती खरी, याचा निवाडा हा चित्रपट आपल्यावरच सोपवतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या मराठी वाचकाला रहस्याची ही ओढ नवी नाही. तिची सामूहिक ताकद कळते ती उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरासारख्या भरलेल्या प्रेक्षागृहात. रहस्यनाटकाचा पडदा पडताना सगळे एकदम श्वास रोखतात आणि लगेच प्रत्येकाचं मन पहिल्या अंकाकडे धावतं, निसटलेले धागे शोधायला. हा शोध प्रत्येकाला स्वतः घेता आला पाहिजे. म्हणून खेळ पाहून आलेल्यांना मनापासून विनंती आहे: कौतुक भरभरून करा, वाद घाला, पण शेवट फोडू नका. तो पुढच्या प्रेक्षकाचा हक्क आहे.