रेवदंड्याचा फाटा

तीर्थयात्रांना आमच्या धर्मग्रामांत कधीच तोटा नव्हता. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी जुने गोवे भाविकांनी फुलून गेले होते. त्या भक्तीबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु गोव्याच्या वाटेवर वडखळला अलिबागचा फाटा लागतो. तेथून रेवदंड्याकडे किती गाड्या वळल्या?

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. नारळी-पोफळीच्या वाड्यांत तेथे डॉमिनिकन व जेज्वीत मंदिरांचे भग्नावशेष उभे आहेत. फ्रान्सिस्कनांच्या मनोऱ्याला गावकरी 'सातखणी' म्हणतात. संत झेवियर यांनी येथे उपदेश केल्याची परंपरा आहे. आपली मंडळी येथे आलीच, तर सहलीला येतात. किनाऱ्यावर जेवतात, मनोऱ्याखाली छायाचित्रे काढतात आणि परततात.

'तेथे यात्रा नेली, तर आपल्याला फिरंग्यांचे वारस म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल,' अशी भीती काही सुज्ञ व्यक्त करतात. या सुज्ञांनी कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईला जावे. १७३९ मध्ये वसई पडली. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौलही मराठ्यांच्या स्वाधीन केले. सत्ता गेली, सैन्य गेले. मागे राहिली ती साधी, कष्टकरी माणसे. राज्यकर्त्यांच्या मर्जीसाठीच त्यांनी धर्म धरला असता, तर तो टाकून देण्याची हीच वेळ होती. त्यांनी तो टाकला नाही. आजही त्यांचे वंशज माउंट कार्मेलच्या देवळात जमतात आणि घरी पोर्तुगीज-मराठीच्या सहवासातून घडलेली आपली बोली बोलतात. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. परक्यांच्या मेहेरबानीवरची श्रद्धा अडीचशेहून अधिक वर्षे अशी टिकत नाही! (वसईकरांना हे निराळे सांगायला नको, त्यांच्या पूर्वजांचीही हीच कसोटी लागली होती.) ज्या आरोपाने आपण खाली मान घालतो, त्याचे उत्तर कोर्लईच्या घराघरांत नांदते आहे, आणि आपण मात्र ते लपवू पाहतो.

तेथे चमत्कार नाही, बाजिलिका नाही, ही तक्रार तर सोडूनच द्या.

येत्या उपवासकाळात प्रत्येक धर्मग्रामाने एक रविवार रेवदंडा-कोर्लईसाठी राखावा. मिस्सा कोर्लईकरांबरोबर व्हावी. शिदोरी आपली आपण न्यावी. यजमानांवर भार नको. आणि त्यांना त्यांच्या बोलीत प्रार्थना म्हणायला लावून टाळ्या वाजवण्याचा आचरटपणा कोणी करू नये. ते प्रार्थना म्हणू लागले, की आपण गुडघे टेकावेत.