पिप्यातले तेल आणि कंबरेची फीत

कारंज्याहून मालेगावकडे जाणारा रस्ता आणि अकोल्याहून मंगरूळपीरकडे येणारा रस्ता ज्या चौकात एकमेकांना छेदतात, त्या चौकाभोवती वसलेले आणि आपल्या नावातच बाजार वागवणारे वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार स्थूलत्वाच्या चर्चेत कोणाच्या मनात यावे, असे वरकरणी काही कारण दिसत नाही. स्थूलत्व हा शब्द उच्चारला की महानगरातील सुखवस्तू माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि वाशीम जिल्हा म्हटले की कोरडवाहू सोयाबीन, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळे काढलेले एक लहान दप्तर, आणि २०१८ साली केंद्र शासनाने ‘आकांक्षित’ ठरवलेल्या जिल्ह्यांच्या यादीतील महाराष्ट्राच्या चार नावांपैकी एक नाव, एवढेच आठवते. या दोन चित्रांचा मेळ बसत नाही, आणि तो बसत नाही म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळ जण, मग ते उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी असोत, तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी असोत, आशाताई असोत की संस्थांचे कार्यकर्ते असोत, ग्रामीण भागातील स्थूलत्वप्रतिबंधाचे काम उद्याच्या खात्यावर टाकत आले आहेत. हे काम आजचे आहे, आणि ते शेलूबाजारासारख्या बाजारगावातूनच सुरू व्हावयास हवे, असे आमचे स्पष्ट मत असल्यामुळे या महिन्याची ही पाने आम्ही त्या गावाला दिली आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २३.४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा स्थूल आढळल्या आणि २०.८ टक्के कृश आढळल्या. पुरुषांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे २४.७ आणि १६.२ टक्के होते. हे आकडे वाचताना आपण नकळत दोन वेगळ्या समाजांची कल्पना करतो, एक खाऊनपिऊन सुखी आणि दुसरा अर्धपोटी. प्रत्यक्षात गृहभेटीस गेलेल्या कोणत्याही आशाताईला विचारावे: पोट सुटलेला बाप, गुडघे धरून उठणारी आई आणि रक्तक्षयाने फिकटलेली सोळा वर्षांची लेक ही एकाच ओसरीवर बसलेली असतात, आणि तिघांच्या ताटात एकाच पातेल्यातले अन्न पडते. तेव्हा कुपोषणाचा कार्यक्रम अंगणवाडीत आणि स्थूलत्वाचा कार्यक्रम दवाखान्यात, अशी जी वाटणी आपल्या कागदोपत्री झालेली आहे, ती त्या ओसरीवर टिकत नाही.

ती का टिकत नाही, याचे शास्त्रीय उत्तर आपल्याच राज्यात मिळालेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या अपत्यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात आढळलेली अर्भके सरासरीने सुमारे २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या अर्भकांपुढे अगदी किरकोळ होती. परंतु त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव जितके लहान होते, तितकी त्यांच्या त्वचेखालची चरबी कमी नव्हती. दिसावयास हडकुळे आणि आतून मेदयुक्त असे हे आपले मूल. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. युडकिन यांचे शेजारी उभे राहिलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र एकाचे ९.१ टक्के आणि दुसऱ्याचे, म्हणजे आपल्या पुणेकर डॉक्टरांचे, २१.२ टक्के होते. ज्या कार्यकर्त्याच्या हातात केवळ वजनकाटा आहे, त्याला या दोघांतील भेद कधीच दिसणार नाही. त्याच पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, आणि आमच्या प्रतिपादनाच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे: गरोदरपणी ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची अर्भके आकाराने अधिक भरलेली होती.

आता शेलूबाजारच्या शिवाराकडे वळू. या भागात एके काळी ज्वारीचा पेरा होता, आणि ज्वारी हे नुसते धान्य नव्हते. तिच्या कडब्यावर बैल जगत होते, बैलावर वखर आणि डवरा चालत होता, आणि ते चालवणारा माणूस दिवसभर पायी राबून घरी येऊन भाकर, पिठले, ठेचा, प्रसंगी ताकातल्या कण्या खात होता. ट्रॅक्टर आला तेव्हा बैल कमी झाले, बैल कमी झाले तेव्हा कडब्याची गरज उरली नाही, आणि कडब्याची गरज उरली नाही तेव्हा पाखरे व रानडुकरे राखत बसण्यापेक्षा रोकड देणारे सोयाबीन पेरणे शेतकऱ्याला शहाणपणाचे वाटले. त्यात त्याची चूक नाही, आणि त्याला चूक म्हणून ऐकवणारा आरोग्यसेवक त्या ओसरीवर दुसऱ्यांदा पाय ठेवू शकणार नाही. शिधापत्रिकेवरील गहू-तांदळाने गरिबाच्या घरची चूल अखंड पेटती ठेवली, हे तर कृतज्ञतेनेच म्हटले पाहिजे. परंतु याच उलथापालथीत ज्याची कोणी नोंद केली नाही, असा एक फरक स्त्रियांच्या बाबतीत झाला. तणनाशकाची फवारणी सुरू झाली आणि निंदणाचे काम आटले. निंदणाबरोबर दिवसाचे सहा-सात तासांचे अंगमेहनतीचे काम गेले, त्या कामाची मजुरी गेली, आणि बांधावरून ओट्यात खुडून आणलेली तरोट्याची, घोळीची, कुंजराची, चिवळीची भाजीही गेली. पुण्याच्या अभ्यासाने जिचे मोल सांगितले, ती हिरवी भाजी विदर्भातील मजूर स्त्रीला फुकट मिळत होती. आज ती बाजारात विकत घ्यावी लागते, आणि बटाट्यापुढे ती महाग पडते. एकाच फवारणीने आईचे श्रम कमी केले आणि लेकीच्या ताटातील लोहही कमी केले. आपण मात्र आईला ‘चालत जा’ आणि लेकीला ‘लोहाची गोळी घे’, असे दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या खात्यांतून सांगत बसतो.

तेलाचा हिशेब याहून सोपा आहे. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाला साधारण ११-१२ किलो तेल पुरेसे समजले जाते, तर देशाचा दरडोई वार्षिक खप १९ किलोच्या आसपास गेलेला आहे. विदर्भातील गृहिणी ग्रॅमात विचार करीत नाही, आणि तिने तसा करावा ही अपेक्षाही अयोग्य आहे; ती विचार करते तो पिप्यात. पाच माणसांच्या घरात माणशी महिन्याला एक किलो या मापाने पंधरा किलोचा पिपा तीन महिने पुरला पाहिजे. तो दोन महिन्यांच्या आत संपत असेल, तर त्या घरासाठी कोणतेही व्याख्यान, भित्तिपत्रक वा चलच्चित्र यांची गरज नाही. पिपा उघडला त्या दिवशी त्याच्या पत्र्यावर तारीख लिहावी आणि पुढचा पिपा उघडताना मागची तारीख वाचावी, एवढेच पुरे. जे किरकोळ तेल विकत घेतात, त्यांच्या बाबतीत हेच माप बचत गटाच्या बैठकीत बाटलीने मोजता येईल. आमच्या मते गावपातळीवरील स्थूलत्वप्रतिबंधाची सुरुवात या तारखेपासून व्हावी, कारण हा हिशेब स्त्रीचा स्वतःचा असतो, तिच्या शरीरावर कोणी बोट ठेवीत नाही, आणि पैशाची बचत पहिल्याच पिप्यात तिला दिसते.

शरीरावर बोट ठेवण्याने काय होते, याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे आणि तो येथे नमूद करणे कर्तव्य समजतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका तालुक्यात, आम्ही स्वतः भरवलेल्या शिबिरात वजनकाटा मंडपाच्या दाराशी ठेवला होता आणि वजन मोठ्याने पुकारून पलीकडच्या लेखनिकाला सांगण्याची पद्धत आम्हीच घालून दिली होती. रांगेतील एका प्रौढ स्त्रीचा आकडा पुकारला गेला, मंडपात कोणी तरी हसले, आणि ती बाई तशीच परत गेली. तिच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या जावा आणि शेजारणीही गेल्या. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब आणि साखर तपासली गेली नाही, आणि आमच्या माहितीप्रमाणे पुढेही कित्येक दिवस गेली नाही. अहवालात मात्र शिबिर ‘यशस्वी’ म्हणून नोंदले गेले. ज्यांच्याकडे आज शिबिरांचा कारभार आहे, त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की, काटा पडद्याआड न्यावा आणि आकडा ज्याचा त्यालाच हलक्या आवाजात सांगावा.

आशाताईंच्या हाती तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी जो तपासणी-तक्ता शासनाने दिला आहे, त्यात कंबरेचा घेर मोजण्याची तजवीज आहे, आणि ती फार विचारपूर्वक केलेली आहे: स्त्रीच्या बाबतीत ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाच्या बाबतीत ९० सेंटिमीटरच्या पुढे गुण चढू लागतात, आणि वय, तंबाखू, मद्य, व्यायाम, घरचा मधुमेह हे सर्व मिळून बेरीज चारांवर गेली की त्या व्यक्तीची तपासणी अग्रक्रमाने करावयाची असते. पुण्याच्या छायाचित्राने जो धडा दिला, तोच या फितीत उतरला आहे. परंतु नऊवारी वा सहावारीच्या निऱ्यांवरून घाईने टाकलेली फीत, किंवा संकोचाने न टाकताच अंदाजे भरलेला आकडा, हा त्या विचारी तक्त्याचा घात आहे. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दप्तरात एका गावच्या साऱ्या स्त्रियांचे घेर ७८ आणि ८० यांच्या दरम्यान आढळतील, त्याने आशाताईला जाब विचारण्याऐवजी तिला एक बंद खोली आणि पुरेसा वेळ मिळतो का, हे आधी विचारावे.

बाहेरच्या जगात या कामाचे जे उदाहरण सर्वत्र दिले जाते, ते फिनलंडमधील उत्तर कारेलियाचे. १९७१ साली तेथील नागरिकांनीच हृदयविकाराच्या मृत्यूंनी हवालदिल होऊन आपल्या सरकारकडे अर्ज केला, आणि १९७२ पासून डॉ. पेक्का पुस्का या तरुण वैद्याच्या नेतृत्वाखाली काम उभे राहिले. तो प्रदेश दूध-लोण्याचा. म्हणजे जे खाणे कमी करावयाचे, तेच शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे साधन. त्यांनी गृहिणींच्या मंडळांतून नव्या रीतीचे पदार्थ रांधून, एकत्र बसून खाऊ घातले, आणि शेतकऱ्यांना तेथे पिकणाऱ्या रसाळ बेरीवर्गीय फळांकडे वळण्यास हात दिला. चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. मात्र त्याच काळात तेथील पुरुषांचे सरासरी वजन वाढतच गेले, ही बाजू सहसा सांगितली जात नाही. आहाराचा स्निग्धांश बदलला, हृदये वाचली; पण यंत्रांनी हिरावलेली हालचाल परत आणणे त्यांनाही साधले नाही. आपल्याला दोन्ही बाजूंनी बांध घालावा लागेल, हे त्यावरून ओळखावे.

हालचालीच्या बाबतीत शेलूबाजारापुढील अडचण जागेची आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, त्याचा एक उतार या गावाजवळ आहे, आणि वाहनांची वर्दळ ही बाजारगावाची भाकर आहे. तिची तक्रार कोणी करू नये. परंतु सकाळच्या अंधारात चालावयास निघालेल्या स्त्रीला रस्त्याच्या कडेला पाऊलभर सुरक्षित जागा नसेल, तर ‘आठवड्याला दीडशे मिनिटे चाला’ ही शिफारस तिच्या कानाला क्रूरच वाटेल. शाळेचे मैदान शाळा सुटल्यावर कुलूपबंद असते. ग्रामपंचायतीने ठराव करून ते पहाटे आणि सायंकाळी दोन तास स्त्रियांसाठी उघडावे, दिव्याची सोय करावी, आणि शक्य तर पूर्वी निंदण एकत्र करणाऱ्या बायांच्याच टोळ्या पुन्हा बांधाव्यात. त्यांना एकमेकींची सोबत नव्याने शिकवावी लागणार नाही. व्यायाम ही वऱ्हाडला परकी गोष्ट नव्हे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ साली त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवून आले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. ही परंपरा पुरुषांच्या आखाड्यापाशी थांबली होती, ती आता बायांच्या अंगणापर्यंत आणावयाची आहे.

आणखी एका विषयावर आमचे मत विचारले जाते, म्हणून थोडक्यात. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, विदर्भाचेच डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन, दोन वेळाच जेवण्याचा विचार मराठी सभागृहांतून घरोघर नेला, आणि राज्य शासनाच्या स्थूलत्वविरोधी मोहिमेचे ते दूतही झाले. वजन हा विषय इंग्रजी दवाखान्यातून काढून मराठी माणसाच्या चर्चेत आणल्याचे श्रेय त्यांना निःसंशय आहे. तथापि एका व्यक्तीला दिलेला आहारनियम आणि गावाचा कार्यक्रम या भिन्न गोष्टी आहेत. पहाटे डबा घेऊन सोंगणीला जाणारी गरोदर मजूर, मधुमेहाची गोळी घेणारा म्हातारा आणि चौकातला दुकानदार यांना एकच नियम घालून देता येत नाही. तिघांचे तेल मात्र एकाच बाजारातून येते.

आणि पंगतीचे काय? भंडाऱ्यातील रोडगे आणि वांग्याची भाजी यांवर कोणी आक्षेप घेऊ नये. वर्षातून काही दिवस सारे गाव एका ओळीत बसून जेवते, हे आरोग्याचेच लक्षण आहे. आक्षेप आहे तो रोजच्या चौकातील कचोरी-भज्यांवर, आणि त्यातही विकणाऱ्यावर नव्हे, तर काळे पडलेले तेल पुन्हा पुन्हा तापवण्याच्या रीतीवर. त्याच गाड्यावर उकडलेले हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीचे धिरडे यांना जागा मिळावी यासाठी बचत गटाचे एखादे लहानसे कर्ज पुष्कळ आहे.

या कामाला मुदत किती, असा प्रश्न निधी देणारे विचारतात, आणि उत्तर एका आर्थिक वर्षात बसवावयाचे असते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम आरंभले, तेव्हा गावोगावच्या, प्रायः निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवण्यास त्यांनी आयुष्य दिले. त्या कामाची फळे एका मार्चअखेरीस मोजता आली नसती. शेलूबाजारात किंवा आपापल्या गावात ज्यांना आरंभ करावयाचा आहे, त्यांनी पहिल्या वर्षी कोणाचेही वजन कमी झाल्याचा अहवाल मागू नये आणि देऊही नये. वीस घरे निवडावीत, त्यांच्या संमतीने पिप्यावर तारखा टाकाव्यात, आणि घरातील मुलीच्या ताटात आठवड्यातून किती वेळा पालेभाजी पडली ते तिच्याच वहीत तिलाच लिहू द्यावे. दसरा-दिवाळीत तेलाचा खप चढेल, तो तसाच नोंदवावा. ज्या आशाताई, परिचारिका वा कार्यकर्ते या वहीतील नोंदी, घरांची नावे वगळून, आमच्याकडे पाठवतील, त्यांच्यासाठी पुढील वर्षाच्या प्रत्येक अंकात दोन पाने राखून ठेवली आहेत. नोंद अपुरी असली, एखादा महिना सुटला असला, तरी ती तशीच पाठवावी.